जबाबदारी माझी, पण टेकू लावायचा हक्क माझा नाही

काल महानगरपालिकेचे लोक पुन्हा दारावर नोटीस डकवून गेले. सलग सहावं वर्ष. मजकूर तोच, फक्त तारीख बदललेली. इमारत धोकादायक आहे, सात दिवसांत रिकामी करा किंवा दुरुस्त करून घ्या, नाहीतर होणाऱ्या जीवित आणि वित्तहानीला तुम्ही स्वतः जबाबदार. वाचता वाचता डोकं भणभणलं माझं. अहो, त्या 'दुरुस्त करून घ्या' पायी मी तीन वर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवतेय, आणि दुरुस्त करू देत नाहीत ते हेच लोक!

आम्ही जुन्या नाशकात राहतो, तांबट लेनच्या अंगाला. वाडा शंभरी ओलांडलेला. आम्ही भाडेकरू, सासऱ्यांच्या वडिलांपासूनचे. माझे मिस्टर याच माजघरात जन्मले. सागाचे खांब अजून असे आहेत की खिळा ठोकायला गेलं तर वाकतो. पडायला टेकलाय म्हणून जो गाजावाजा चाललाय, तो वाडा सहा-सात वर्षांपूर्वीपर्यंत ठणठणीत होता.

मग शेजारचा वाडा पाडला. जुन्या नाशकात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना सांगायला नको, इथे वाडे एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत. भिंत सामाईक, एकाची तुळई दुसऱ्याच्या भिंतीत. शेजारचा मालक मोकळा झाला, जेसीबी आला, दोन दिवसांत प्लॉट साफ. आमच्या बाजूला राहिली उघडी भिंत. आतल्या कच्च्या विटा आणि माती, ज्यांनी जन्मात कधी पाऊस पाहिला नव्हता. त्यावर ना गिलावा, ना पत्रा. पहिल्याच पावसाळ्यात ओल आत शिरली आणि भिंतीत रुतलेलं तुळईचं टोक कुजलं. मी स्वतः बोट घालून पाहिलं, दुसऱ्या पेरापर्यंत बोट आत गेलं. चहापत्तीसारखा भुगा बाहेर आला. ओल लागली म्हटल्यावर वाळवी आली, माडीच्या पाटईतून माती झिरपायला लागली. तेव्हा अर्ज दिला की हो, त्या भिंतीला निदान गिलावा करायला लावा. उत्तर काय मिळालं? हा तुमचा आपसातला दिवाणी वाद आहे.

आपसातला! आणि मग पुढच्याच वर्षापासून नोटिशीत आमचा वाडा 'सी-1'. म्हणजे अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य, तातडीने रिकामा करून पाडून टाकण्याजोगा. कोणी ठरवलं हे? आत कोणी पाऊल ठेवलं नाही. दोन माणसं आली, गल्लीत मोटारसायकल बंद न करता वर बघितलं, मोबाईलवर फोटो काढला आणि गेली. मी घरातच होते. चहा ठेवते म्हणाले, आत येऊन बघा म्हणाले. नको ताई, वेळ नाही.

मग आम्ही पदरमोड करून स्ट्रक्चरल इंजिनिअर आणला. त्या माणसाने पूर्ण दिवस घातला. खांब ठोकून ऐकले, जोत्याशी खणून पाया पाहिला, आणि माजघरातल्या भेगेवर काचेची एक पातळ पट्टी आडवी चिकटवली. शेजारी पेन्सिलने तारीख लिहिली. म्हणाला, भिंत सरकत असेल तर ही काच तडकेल, रोज बघत जा. दोन पावसाळे झाले त्याला. रोज सकाळी दिवा लावायच्या आधी मी त्या काचेकडे बघते. तडकलेली नाही. त्याच्या अहवालात वाडा 'सी-2 बी' आहे, म्हणजे घर रिकामं न करता दुरुस्त होण्यासारखा. एक तुळई बदलायची, दोन ठिकाणी लोखंडी गर्डरचा आधार, उघड्या भिंतीला गिलावा. सुताराचा आणि गवंड्याचा मिळून अंदाज 2 लाख 80 हजार. आम्ही तिन्ही भाडेकरू काढायला तयार आहोत. दागिने मोडू, सोसायटीचं कर्ज काढू. फक्त परवानगी द्या!

तो अहवाल जोडून अपील केलं, वर्गवारी बदला आणि दुरुस्तीची परवानगी द्या म्हणून. पहिल्या तारखेला साहेब बैठकीला. दुसऱ्या तारखेला फाईल सापडेना. तिसऱ्या तारखेला मालकाच्या वकिलांनी मुदत मागितली, दिली. चौथ्या तारखेला साहेबांची बदली झालेली, आणि नवीन साहेबांनी पहिलं वाक्य काय बोलावं? "मॅडम, तुम्ही मालक आहात का? मालकाचं संमतीपत्र आणा."

इथे माझा तोल सुटला. नोटीस कोणाच्या नावाने आली? माझ्या मिस्टरांच्या. 'भोगवटादार' म्हणून, म्हणजे जागेत प्रत्यक्ष राहणारा. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 मध्ये स्वच्छ आहे, पडाऊ इमारत पाडायला, सुरक्षित करायला किंवा दुरुस्त करायला मालकाला किंवा भोगवटादाराला सांगता येतं. कलम 265 अ तेच सांगतं, तीस वर्षं उलटलेल्या इमारतीची तपासणी मालकाने किंवा भोगवटादाराने करून घ्यायची. म्हणजे वाडा अंगावर पडला तर जबाबदार भोगवटादार, पण तुळई बदलायची म्हटलं की भोगवटादार कोणी लागतच नाही? मी हे साहेबांच्या टेबलावर पुस्तक उघडून दाखवलं. त्यांनी पुस्तक बंद करून माझ्याकडे सरकवलं.

आणि संमतीपत्र आणायचं कोणाकडून? मालमत्ता पत्रकावर सतरा नावं आहेत. त्यातली सात माणसं वारली, वारस नोंद नाही. दोघं परदेशात. जे इथे आहेत ते भाडं घेत नाहीत, आम्ही कोर्टात भरतो. ते दुरुस्तीला संमती का देतील? त्यांना वाडा पडायलाच हवा आहे. वाडा उभा असेपर्यंत भाडेकरू, पडला की मोकळा प्लॉट, बाजारपेठेला लागून. हे गल्लीतलं शेंबडं पोर सांगेल, मग कचेरीला कसं कळत नाही?

एक वकील म्हणाले, भाडे नियंत्रण कायद्यात सोय आहे. आहे ना! 1999 च्या कायद्याचं कलम 14. घर दुरुस्त ठेवणं मालकाचं कर्तव्य. नाही केलं तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः करायचं आणि खर्च भाड्यातून कापायचा. वाचून मला हायसं वाटलं होतं. पुढची ओळ वाचली. वर्षाला कापायचं ते त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नाही. आमचं भाडं महिना 60 रुपये. वर्षाचे 720. त्याचा पाव हिस्सा 180 रुपये. 2 लाख 80 हजार वसूल व्हायला साडेपंधराशे वर्षं लागतील! भाडं कमी आहे हे मलाही कळतं, मालकाला त्यात रंगही देता येणार नाही हेही कळतं. आम्ही वसुली मागतच नाही. पैसे आमचे, घाम आमचा. सही तेवढी त्यांची हवी आहे.

"जीव प्यारा असेल तर सोडून जा की," असं सांगणारे खूप भेटतात. बाहेर गेलेल्या माणसाला परत यायला किती वर्षं लागतात ते विचारा आमच्या मागच्या बोळातल्या काकूंना. दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या, नळ आणि मीटर तोडलं, दाराला मालकाचं कुलूप. आता वकिलाकडे खेपा घालतायत. इमारत पडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सांगितलं आहे. पण तो हक्क हातात घेऊन सासूबाईंना रात्री झोपवू कुठे? त्या ब्याऐंशीच्या आहेत. पावसाळ्यात आम्ही सगळे ओसरीवर दाराच्या तोंडाशी झोपतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की गावातली माणसं गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, पूर बघायला जातात. आम्ही घरात छताकडे बघत बसतो, माती पडल्याचा आवाज येतो का ते ऐकत.

2027 च्या सिंहस्थासाठी गावभर कामं काढली आहेत, रोज कुठेतरी काहीतरी खणतात. करा, जरूर करा, बाहेरून येणाऱ्यांची सोय व्हायलाच हवी. पण त्याच गंगेपासून पाच मिनिटांवर माणसं बाराही महिने राहतात. त्यांच्या एका तुळईच्या कागदावर सही करायला तीन वर्षं पुरत नाहीत? एखादा वाडा पडला की दुसऱ्या दिवशी फोटो येतात, साहेब भेट देतात, आणि खाली एक ओळ असतेच, 'रहिवाशांना यापूर्वीच नोटीस बजावण्यात आली होती.' ती एक ओळ लिहिता यावी म्हणून हा कागद दर वर्षी माझ्या दारावर लागतो. माझ्या घरच्यांचा जीव वाचावा म्हणून लागत असता, तर कोणीतरी आत येऊन ती काचेची पट्टी बघितली असती.

आज पुन्हा जाऊन आले. अपिलाची पुढची तारीख दिवाळीनंतरची दिली आहे. मधले चार महिने पावसाचे आहेत हे सांगितलं, तर म्हणाले त्याआधी सुनावणीचा बोर्ड लागत नाही. मी तिथेच उभ्याने पेनाने अर्ज लिहिला, इंजिनिअरच्या अहवालाची प्रत जोडली, आवक शिक्का घेतला. सुताराला उद्या सकाळी बोलावलंय. दोन लोखंडी जॅक भाड्याने आणलेत, ओसरीवर ठेवलेत. परवानगी असो नसो, तुळईला टेकू मी लावणार. मालकाच्या वकिलांनी फोनवर गुन्हा दाखल करायची धमकी दिली आहे. करा म्हणावं. आमचं नाव आणि पत्ता नोटिशीवर आहेच.