‘5 टक्के ग्राहक टिकवा, नफा 95 टक्क्यांनी वाढवा’: हे गणित तसं नाही

नवा ग्राहक मिळवायला जुना टिकवण्याच्या पाचपट खर्च येतो. ग्राहक टिकण्याचं प्रमाण 5 टक्क्यांनी वाढलं की नफा 25 ते 95 टक्क्यांनी वाढतो. जुन्या ग्राहकाला सेवा देणं स्वस्त पडतं, तो भावावर घासाघीस करत नाही आणि आणखी चार जणांना घेऊन येतो. 80 टक्के धंदा 20 टक्के ग्राहकांवर चालतो. म्हणून नव्यांच्या मागे धावणं सोडा, आहेत त्यांना सांभाळा.

हा मजकूर थोड्याफार फरकाने सगळीकडे फिरतो. व्यवस्थापनाच्या वर्गात, सल्लागारांच्या सादरीकरणात, उद्योजकांच्या व्हॉट्सॲप गटांत तो दिसतो. त्यातली भावना चांगली आहे आणि ग्राहकाशी नीट वागायलाच हवं, याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण या आकड्यांवर भिस्त ठेवून लोक खर्चाची विभागणी करतात. ज्याचा धंदा अजून फार लोकांना माहीतच नाही, असा माणूसही यावर विश्वास ठेवून जाहिरात बंद करतो आणि असलेल्या मोजक्या ग्राहकांना सवलती वाटत बसतो. नुकसान तिथे होतं. म्हणून एकेक दावा तपासून बघायला हवा.

‘5 टक्क्यांनी 25 ते 95 टक्के नफा’

सगळ्यात जास्त फिरणारा आकडा हाच, म्हणून आधी तो घेऊ. याचं मूळ 1990 साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये आलेल्या एका लेखात आहे. लेखक होते बेन या सल्लागार कंपनीचे फ्रेडरिक रायकहेल्ड आणि हार्वर्ड बिझनेस स्कूलचे डब्ल्यू. अर्ल सॅसर. त्या लेखात आकडा 25 ते 85 टक्के असा आहे. 95 हा आकडा नंतरच्या लिखाणातून आला.

लेखातलं क्रेडिट कार्ड कंपनीचं उदाहरण शांतपणे वाचलं की सगळा उलगडा होतो. वर्षाला 20 टक्के ग्राहक सोडून जात असतील, तर एक ग्राहक सरासरी 5 वर्षं टिकतो. गळती 10 टक्क्यांवर आणली की तो 10 वर्षं टिकतो आणि त्याचं मूल्य 134 डॉलरवरून 300 डॉलरवर जातं. गळती 10 वरून 5 टक्क्यांवर आणली की आयुष्य 20 वर्षांचं होतं आणि मूल्य 525 डॉलर होतं, म्हणजे 75 टक्के वाढ.

यातली 10 वरून 5 ही घट पाच टक्क्यांची नाही. ती पाच टक्के-बिंदूंची आहे. शंभरातले दहा जायचे तिथे पाचच जातात, म्हणजे गळती निम्म्यावर आणलेली आहे. कुठल्याही धंद्यात सोडून जाणाऱ्यांची संख्या अर्धी करणं हे प्रचंड मोठं काम आहे. ‘फक्त 5 टक्के’ म्हटल्यावर ते किरकोळ वाटतं. खरोखर 5 टक्क्यांनीच गळती कमी झाली, तर ती 10 वरून 9.5 होईल आणि ग्राहकाचं सरासरी आयुष्य 10 ऐवजी साडेदहा वर्षं होईल.

शिवाय ते पाच बिंदू सगळीकडे सारखं फळ देत नाहीत. ज्या धंद्यात वर्षाला 40 टक्के ग्राहक जातात, तिथे गळती 35 वर आणली तर सरासरी आयुष्य अडीच वर्षांवरून जेमतेम चार महिन्यांनी वाढतं. 10 वरून 5 वर आलेल्याला त्याच पाच बिंदूंनी दहा वर्षं मिळतात. एकाच टक्केवारीत हे दोन्ही धंदे बसवता येत नाहीत.

आता ‘नफा’ या शब्दाकडे वळू. 300 चे 525 होतात ते एका ग्राहकाच्या संपूर्ण आयुष्यातल्या नफ्याचं आजचं मूल्य. कंपनीचा यंदाचा नफा 75 टक्क्यांनी वाढला, असं ते गणित म्हणतच नाही. ते पैसे वीस वर्षांत पसरलेले आहेत आणि पुढच्या मार्चच्या ताळेबंदात त्यातला थोडासाच अंश दिसेल. गळती निम्म्यावर आणायला किती खर्च आला, याचा तर फिरणाऱ्या वाक्यात उल्लेखच नसतो.

त्याच लेखात एमबीएनए या अमेरिकन कार्ड कंपनीची गोष्ट आहे. 1982 मध्ये तिच्या प्रमुखांनी ग्राहक टिकवण्याचा ध्यास घेतला आणि आठ वर्षांत कंपनी आपल्या क्षेत्रात 38 व्या क्रमांकावरून चौथ्यावर आली. ही गोष्ट पुरावा म्हणून सांगितली जाते. पण ज्याच्याकडे 38 व्या क्रमांकाइतकेच ग्राहक आहेत, त्याने ते सगळेच्या सगळे टिकवले तरी तो चौथ्या क्रमांकावर कसा पोचेल? त्यासाठी नवे ग्राहक यावे लागतात, तेही भरमसाट. एमबीएनए प्रसिद्ध होती ती व्यावसायिक संघटना आणि माजी विद्यार्थ्यांच्या संस्था यांच्या नावाने कार्डं काढून त्यांच्या सभासदांपर्यंत पोचण्यासाठी. नवे ग्राहक मिळवण्याचाच तो एक उत्तम मार्ग होता.

‘नवा ग्राहक पाचपट महाग’

कुठे पाचपट, कुठे सातपट, कुठे पंचवीसपट असं वाचायला मिळतं. आकडा इतका लवचीक आहे, कारण असं एकच गुणोत्तर असू शकत नाही. जाहिरात नव्या लोकांना दिसते तशी जुन्यांनाही दिसते आणि त्यांनाही धंद्याची आठवण करून देते. मग तिचा खर्च कोणाच्या खात्यात टाकायचा? तक्रार निवारण, सेवा केंद्र, मालाचा दर्जा सुधारणं यांचा खर्च टिकवण्यात धरायचा की नाही? हिशेब मांडणाऱ्याच्या मर्जीवर उत्तर बदलतं.

आणि गुणोत्तर खरं धरलं तरी निर्णय त्यावर होत नाही. पुढचा एक रुपया कुठे टाकला तर जास्त परत येईल, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक जुने ग्राहक काहीही न करता राहणारच होते. त्यांना ‘टिकवण्यासाठी’ दिलेली सवलत म्हणजे पुऱ्या भावाने होणारी विक्री आपणच कमी भावाने करणं.

‘जुना ग्राहक स्वस्त पडतो, जास्त पैसे देतो’

याची थेट तपासणी व्हर्नर राइनार्ट्झ आणि व्ही. कुमार या मार्केटिंगच्या अभ्यासकांनी केली आणि 2002 मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्येच मांडली. अमेरिकेतली एक तंत्रज्ञान-सेवा कंपनी आणि एक टपालाने माल विकणारी कंपनी, फ्रान्समधला किराणा व्यवसाय आणि जर्मनीतली शेअर-दलाली पेढी असे चार धंदे त्यांनी घेतले. सुमारे 16,000 ग्राहकांच्या खरेदीच्या नोंदी चार वर्षं पाहिल्या. दीर्घकाळ टिकणं आणि नफा यांचा संबंध सापडला, पण तो कमकुवत ते मध्यम इतकाच होता. टपाल-विक्रीत सहसंबंध 0.20 आणि सर्वांत जास्त म्हणजे किराण्यात 0.45 (0 म्हणजे संबंधच नाही, 1 म्हणजे पुरता संबंध).

तंत्रज्ञान-सेवा कंपनीत किमान दोन वर्षं नियमित खरेदी करणाऱ्या ‘निष्ठावान’ ग्राहकांपैकी निम्म्यांकडून जवळपास नफाच होत नव्हता. उलट सर्वाधिक नफा देणाऱ्यांपैकी निम्मे ग्राहक थोड्या काळात भरपूर खरेदी करून निघून जाणारे होते. जुने ग्राहक जास्त भाव देतात म्हणावं, तर याच कंपनीत ते नव्यांपेक्षा 5 ते 7 टक्के कमी देत होते. धंद्यात राहिलेल्या कोणालाही हे पटेल. वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकाला आपली किंमत माहीत असते आणि तो ती वसूल करतो.

‘जितका जुना, तितका निष्ठावान’

अनेक कंपन्यांच्या तक्त्यात पहिल्या वर्षी 70 टक्के ग्राहक टिकतात, दुसऱ्या वर्षी त्याहून जास्त, तिसऱ्या वर्षी आणखी जास्त. यावरून निष्कर्ष काढला जातो की सहवासाने निष्ठा वाढते. अमेरिकेतल्या व्हॉर्टन या व्यवस्थापन संस्थेचे पीटर फेडर आणि लंडन बिझनेस स्कूलचे ब्रूस हार्डी यांनी 2007 मध्ये दाखवलं की ही वाढ कोणाचीही निष्ठा न वाढताही दिसू शकते. कागदावर करून बघण्यासारखं आहे.

समजा 100 ग्राहक आहेत. त्यातले 50 स्थिर आहेत, दर वर्षी त्यांच्यातले 90 टक्के राहतात. उरलेले 50 चंचल आहेत, त्यांच्यातले निम्मेच राहतात. पहिल्या वर्षाअखेर 45 आणि 25 मिळून 70 उरले. टिकण्याचं प्रमाण 70 टक्के. दुसऱ्या वर्षाअखेर 40.5 आणि 12.5 मिळून 53, म्हणजे 70 पैकी सुमारे 76 टक्के. तिसऱ्या वर्षाअखेर 42.7 उरतात, म्हणजे 53 पैकी सुमारे 81 टक्के. एकाही माणसाचं वागणं बदललेलं नाही. फक्त चंचल माणसं आधी गेली आणि गर्दीत स्थिर माणसांचं प्रमाण वाढलं. अशा तक्त्याकडे बोट दाखवून कोणी आपल्या योजनेचं यश सांगू लागलं, तर हा हिशेब त्याच्यासमोर ठेवावा.

सभासद-कार्डांबाबत हाच घोळ होतो. कार्डधारक इतरांपेक्षा जास्त खरेदी करतात हे खरं असतं, पण जो मुळात जास्त खरेदी करतो तोच कार्ड घेतो. बायरन शार्प आणि अ‍ॅन शार्प यांनी 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ‘फ्लाय बाइज’ या मोठ्या योजनेचा अभ्यास केला. सहभागी सहा ब्रँडपैकी फक्त दोघांत अपेक्षेपेक्षा लक्षणीय जास्त पुनर्खरेदी दिसली. आणि त्या दोघांत ती योजनेत नसलेल्या ग्राहकांमध्येही होती!

‘80 टक्के धंदा 20 टक्क्यांवर’

बाजारात वारंवार घेतल्या जाणाऱ्या वस्तूंच्या नोंदी पाहिल्या, तर वरच्या 20 टक्के ग्राहकांचा वाटा साधारण 50 ते 60 टक्क्यांच्या आसपास निघतो. म्हणजे निम्म्याच्या आसपास धंदा त्या ‘किरकोळ’ 80 टक्क्यांकडून येतो. शिवाय यंदाचे वरचे 20 टक्के पुढच्या वर्षी तेच नसतात. कोणाची यंदा जास्त गरज होती म्हणून तो वर दिसतो, पुढे त्याची खरेदी उतरते आणि यंदा खाली असलेल्यांपैकी काहींची वाढते.

‘म्हणून नव्यांच्या मागे लागू नका’

आकड्यांच्या चुका एक वेळ सोडून देता येतील. माझा खरा विरोध या निष्कर्षाला आहे.

समाजशास्त्रज्ञ विल्यम मॅक्फी यांनी 1963 मध्ये एक विचित्र गोष्ट नोंदवली. कमी प्रसिद्ध कलाकारांना ओळखणारे लोक कमी असतात, आणि जे ओळखतात त्यांच्यातही ते आवडणाऱ्यांचं प्रमाण कमी असतं. लहान असण्याची दुहेरी शिक्षा. ग्राहकांच्या खरेदीचे अभ्यासक अँड्र्यू एरेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच नमुना ब्रँडच्या खरेदीत दाखवला आणि नंतर अनेक देशांत, अनेक प्रकारच्या मालात तो पुन्हा पुन्हा सापडला. लहान ब्रँडचे ग्राहक मोठ्या ब्रँडपेक्षा खूप कमी असतात. पुनर्खरेदीही कमी असते, पण थोडीशीच. दोन स्पर्धक ब्रँडमधला फरक मुख्यतः किती लोक घेतात यात असतो. ते किती निष्ठेने घेतात, यात फारसा फरक नसतो.

याचा अर्थ असा की लहान ब्रँडची निष्ठा कमी दिसते, ती त्याच्या सेवेत खोट आहे म्हणून असेलच असं नाही. तो लहान आहे म्हणूनही ती कमी दिसते. ती मोठ्या ब्रँडइतकी करायची तर आधी ग्राहकसंख्या वाढवावी लागते. जो लहान धंदेवाला आपल्याच मोजक्या ग्राहकांची पुनर्खरेदी मोठ्यांच्या पातळीवर न्यायचा आटापिटा करतो, तो बाजाराच्या घडणीविरुद्ध झुंजत असतो, आणि शेवटी आपलंच काहीतरी चुकतंय असं मानून खचतो. मला ही गोष्ट फार अन्यायाची वाटते.

दुसरं असं की बरीच गळती विक्रेत्याच्या हातात नसतेच. लोक गाव बदलतात, गरज संपते, मुलं मोठी होतात, ग्राहक असलेली कंपनीच बंद पडते. नवे येत राहिले नाहीत, तर उत्तम सेवा देणारा धंदाही हळूहळू आक्रसतो.

टिकवणुकीला जागा आहे, आणि मोठी आहे. करारावर किंवा वर्गणीवर चालणाऱ्या सेवा, मोजक्या पण मोठ्या ग्राहकांवर उभा असलेला धंदा, अशा ठिकाणी ती महत्त्वाची. आणि चुकीची बिलं आणि न उचलले जाणारे फोन यांमुळे माणसं वैतागून जात असतील तर ती गळती आधी थांबवावी. त्यासाठी कुठल्या 95 टक्क्यांच्या आकड्याची गरज नाही.

पण उपाय लागू पडला की नाही, हे तपासल्याशिवाय मानू नये. ग्राहकांमधून चिठ्ठ्या टाकून काही जण वेगळे काढायचे, त्यांना सवलत किंवा फोन काहीही द्यायचं नाही, आणि काही महिन्यांनी दोन्ही गटांची गळती शेजारी ठेवायची. एवा अस्कार्झा, रघुराम अय्यंगार आणि मार्टिन श्लायकर यांनी 2016 मध्ये एका दूरसंचार कंपनीच्या ग्राहकांवर असाच प्रयोग मांडला. एका गटाला आपणहून संपर्क करून ‘तुमच्या वापराला अमुक योजना जास्त योग्य ठरेल’ असं सुचवण्यात आलं आणि बदल करण्यासाठी सवलतही देऊ केली. दुसऱ्या गटाला काहीच सांगितलं नाही. काहीच न सांगितलेल्या गटातून 6 टक्के ग्राहक गेले. आपुलकीने संपर्क केलेल्या गटातून 10 टक्के गेले. योजनेचा विचार करायला लावल्यावर काही ग्राहक इतर कंपन्यांचाही विचार करू लागले. चिठ्ठ्या टाकून वेगळा काढलेला गट नसता, तर त्या कंपनीला ग्राहक आपल्याच फोनमुळे जात आहेत हे कळलंच नसतं.