पत्रा कुसला, इंजिन नाही

आमच्या गाडीच्या तळाला भोक पडलंय ही बातमी मला चिखलाने दिली. जुलै महिना, गोव्यात बाणस्तारीच्या अलीकडे रस्त्यावर तुंबलेलं पाणी, आम्ही लग्नाला निघालेलो, आणि शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींच्या नव्या साडीवर खालून वर एक तांबडं कारंजं उडालं. ती काही बोलली नाही. तीस वर्षांच्या संसारात ती काही बोलली नाही असे प्रसंग मोजून चार. त्यातला हा सर्वांत लांब, कारण लग्न लागेपर्यंत टिकला.

घरी येऊन पायाखालची चटई उचलली तर खाली आमचं अंगण दिसलं. त्यात कोंबडी फिरत होती.

गाडी २००८ सालची. नंबर जीए-०५ने सुरू होतो, म्हणजे जन्माने आणि कर्माने फोंड्याची. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण कंपनीची चूक नाही. लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरते, मीठ मिळालं की त्या कामाला हुरूप येतो. मी सात वर्षं चोडण बेटावर शिकवायला होतो. रोज रायबंदरहून फेरीबोट. मांडवीत समुद्राचं पाणी आत येतं ते तिथवर खारटच असतं, आणि बोटीवर चढता-उतरताना चाकं ते पाणी पोटाखाली मनसोक्त उडवतात. म्हणजे सात वर्षं, दिवसातून दोनदा, मी गाडीच्या पोटाला मिठाचं पाणी लावत होतो आणि रविवारी टपाला पॉलिश. शिवाय दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरून जायला बारीक भोकं असतात हे मला या वर्षी कळलं. गाडी फणसाखाली उभी करायची सवय. पानं, धूळ, मुंग्या यांनी ती भोकं बुजली की पाणी दारातच वस्तीला राहतं. गंज आतून बाहेर येतो. वरच्या रंगाला फोड दिसेपर्यंत आत पत्र्याचा पापड झालेला असतो. कंपनीने जी भोकं ठेवली होती ती मी बुजू दिली, आणि जिथे ठेवलं नव्हतं तिथे नवं पाडून घेतलं.

आमचा मेकॅनिक गाडीखाली सरकला, आतून ठकठक ऐकू आली, मग स्क्रू-ड्रायव्हर गाडीच्या आत उगवला. थेट मुठीपर्यंत. बाहेर येऊन त्याने हात पुसले आणि डॉक्टर नातेवाईकांना बाजूला घेतात तसं मला बाजूला घेतलं.

“मास्तर, पत्रो कुसला. इंजिन कुसूंक ना.”

पत्रा सडलाय, इंजिन सडलेलं नाही. या दोन वाक्यांनी माझा पुढचा पावसाळा खाल्ला. दोन्ही धड असते तर ठेवायची, दोन्ही गेले असते तर विकायची. देह गेलाय आणि आत्मा ठणठणीत आहे, अशा वेळी काय करायचं हे गॅरेजवाला सांगत नाही. तो फक्त आकडे सांगतो. तळाचं वेल्डिंग आणि रंग २८ हजार, क्लचप्लेट ८, खालच्या आर्मचे बुश ४, पुढचे दोन टायर ७. एकूण ४७ हजार, “आनी उगडल्या उपरांत जें दिसतलें तें.” उघडल्यावर जे दिसतं ते आजवर कधीच स्वस्त दिसलेलं नाही.

मी गणिताचा मास्तर. वही घेतली, मधोमध रेघ मारली. नवी छोटी गाडी सगळं धरून सात लाखांच्या आसपास. दोन पदरचे, पाच लाख कर्ज, ९ टक्क्यांनी पाच वर्षं, म्हणजे महिन्याला १०,३७९ रुपये हप्ता. वर्षाचे झाले सव्वा लाखाला साडेचारशे कमी. दुसऱ्या बाजूला ४७ हजार, तेही दरवर्षी नव्हे. शिवाय २०२३ साली गाडीची पंधरा वर्षं भरली तेव्हा पुढच्या पाच वर्षांची नोंदणी करून घेतली होती. पूर्वी ६०० रुपयांत होणाऱ्या त्या कामाला एप्रिल २०२२पासून ५ हजार पडतात. ते मी भरलेत. २०२८पर्यंत गाडी सरकारच्या मते जिवंत आहे. मग मी कोण तिला मारणारा?

वही बायकोसमोर ठेवली. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, “यात रात्री साडेनऊला खांडेपारच्या पुलावर बंद पडण्याचा रकाना कुठाय?”

तो रकाना नव्हता. चोर्ल्याच्या घाटाचाही नव्हता. घाटात आमच्या गाडीची एक अट असते: चढण किंवा एसी, एक काय ते ठरवा. केरी सोडली की मी एसी बंद करतो, बायको काच खाली करते, आणि मागून येणारा ट्रकसुद्धा आमची कीव येऊन हॉर्न वाजवत नाही. यातल्या कशाची किंमत किती लिहायची? मी ‘इतर’ म्हणून ५०० रुपये लिहिले. तिने वही मिटली.

मग चवथ आली, म्हणजे आमची गणेशचतुर्थी. चवथीच्या तोंडावर गाडी विकणारा गोंयकार मला दाखवा. फोंड्याच्या बाजारातून गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीचं सामान आणायचं असतं: केळ्यांचा घड, सुपारीचे घोस, तोरिंगं, नारळ, आणि ज्यांची नावं फक्त आईला ठाऊक आहेत अशी चार रानफळं. घडाचा चीक सीटला लागला, एक तोरिंग फुटलं, मूर्ती आणताना पुतण्याच्या पायाचा सगळा चिखल मागच्या सीटवर आला. कुणी काही म्हणालं नाही. गंमत म्हणजे ‘ही ब्याद एकदाची घालवा’ म्हणणाऱ्या माझ्या धाकट्या भावाची दोन वर्षांची गाडी तेव्हा अंगणात कापडाखाली झाकून होती. ती माटोळीला चालत नाही. तिची सीट खराब होते.

चवथ संपली आणि २२ सप्टेंबर २०२५ला छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. जावयांचा फोन सकाळी सातला. “बाबा, आता नाही घेतली तर कधीच घेणार नाही.” वर त्यांनी २०२१चं भंगार धोरणही समजावून सांगितलं: जुनी गाडी अधिकृत केंद्रात मोडीत काढली की दाखला मिळतो, आणि केंद्राच्या धोरणाप्रमाणे नव्या गाडीच्या रस्ता-करात २५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते. जावई हुशार आहेत. पण ‘मोडीत’ हा शब्द त्यांनी इतका सहज उच्चारला की माझा हात आपोआप माझ्या गुडघ्यावर गेला. तोही २००८पासूनच कुरकुरतोय.

बेळगावच्या मेव्हण्याचं मत उलट. त्याचं या गाडीवर प्रेम आहे आणि त्या प्रेमाचा उगम मला माहीत आहे. २०१२ साली पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला, लिटरमागे अकरा-एक रुपये उतरले, तेव्हा मेव्हण्याला बहिणीची आठवण दर पंधरा दिवसांनी यायला लागली. येताना त्याची टाकी रिकामी, जाताना टाकी आणि मेव्हणा दोन्ही भरलेले. इथली भटकंती मात्र आमच्या गाडीतून, स्वतःचं स्वस्त पेट्रोल तो उगाच जाळत नसे. “सोन्यासारखी गाडी आहे, दाजी,” असं तो अजून म्हणतो.

शेवटी जावयांनी टेस्ट ड्राइव्हची गाडी घरीच बोलावली. शोरूमचा मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून आला. आत कोऱ्या वहीसारखा वास. मला चालवायची होती दोन किलोमीटर, पण बायको म्हणाली, गाडी आलीच आहे तर माहेरून नारळ आणून टाकू. मुलगा भिडस्त, मागे सरकून बसला. आमच्या वाटेला दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचे गडगे, मध्ये रस्ता म्हणजे एक सवलत. जुन्या गाडीला कुठला चिरा कुठे पुढे आलाय ते तोंडपाठ. नवी डावीकडून किंचाळली, उजवीकडून किंचाळली, मग पुढून. परत येताना बायको मागे बसली आणि नारळांचं पोतं माझ्या शेजारच्या सीटवर ठेवलं. गाडी पुन्हा किंचाळायला लागली. थांबेना. शेवटी तो मुलगा हळूच म्हणाला, “सर, पोत्याला बेल्ट लावावा लागेल.”

लावला. घरापर्यंत ते पोतं माझ्या शेजारी सुरक्षित बसून आलं. बायको मागून म्हणाली, “मला कधी एवढ्या काळजीने बांधलं नाहीत.” मी म्हटलं, आपल्या गाडीचा तुझ्या बाजूचा बेल्ट २०१९पासून अडकत नाही. हे बोलायला नको होतं.

दुसऱ्याच दिवशी जुन्या गाड्या घेणारा आला. रंगाची जाडी मोजायचं यंत्र दाराला लावलं, फोनमध्ये टिपलं, बॉनेटखाली वाकला. इंजिन सुरू केल्यावर त्याची भुवई वर गेली, ती मी बघितली. मग तो चटईकडे वाकला आणि भुवई खाली आली. “३१ हजार.” सतरा वर्षं, दोन बाळंतपणं, आईच्या डोळ्यांची दोन ऑपरेशनं, मुलाची दहावी-बारावीची सगळी केंद्रं, आणि ३१ हजार. चवथीला फुटलेल्या तोरिंगाचा सुद्धा त्याने उल्लेख केला. मी त्याला चहा दिला, पण साखर कमी घातली.

“देवाला विचारा,” आई म्हणाली.

आमच्याकडे न सुटणारं सगळं शेवटी देवळात जातं. लग्न जुळेना, जमिनीचा वाद मिटेना, प्रसाद लावतात. भटजी मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात, उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. मी रांगेत बसलो. पुढच्या बाईंचा मुलगा दुबईला जाऊ की नको विचारत होता, त्यांच्या पुढे विहिरीचा प्रश्न. माझा नंबर आल्यावर मी खाली मान घालून म्हटलं, “गाडी ठेवायची की विकायची?”

भटजी थांबले. “मास्तर, हे दोन प्रश्न झाले. देव हो किंवा नाही म्हणतो. पर्याय निवडून देत नाही.” इतकी वर्षं मुलांना प्रश्नपत्रिका काढून दिल्या आणि देवासमोर प्रश्न चुकला. विकू का, असं विचारलं तर उजवी पडली की संपलं. ठेवू का, असं विचारलं तर डावी पडायची भीती. मागचे लोक खोकायला लागले. मी म्हटलं, “सध्या ठेवू का?” भटजींनी ‘सध्या’ शब्दावर माझ्याकडे रोखून बघितलं, पण गाऱ्हाणं घातलं.

पाकळ्या पडेनात. पाऊण तास झाला, घंटा वाजल्या, आरती झाली, मागच्या दोघांनी नाद सोडला. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी.

“देवाने वेळ मागून घेतलाय,” भटजी म्हणाले. “उद्या बघू. मास्तर, माझी बस चुकली. फर्मागुडीला सोडाल का?”

बाहेर पावसाची शेवटची सर. भटजी पुढच्या सीटवर बसले आणि मी म्हटलं, “पाय जरा जपून, चटईवर नको.” त्यांनी पाय वर घेऊन सीटवरच मांडी घातली, सोवळं आवरलं. गाडी एका किल्लीत सुरू झाली. चढावर तिसऱ्या गियरमध्ये गुणगुणत गेली. भटजी कान देऊन ऐकत होते.

“इंजिन चांगलं आहे हो.”

“इंजिन कुसूंक ना,” मी म्हटलं.

“विकणार असलात तर आधी मला सांगा. माझ्या पोराला शिकायला हवी आहे. केवढ्याला सोडाल?”

खरं तर ३१ म्हणायचं होतं. “एक्केचाळीस,” मी म्हटलं, आणि स्टिअरिंग उगाचच घट्ट धरलं.

भटजींनी मांडी बदलली. “आजची दक्षिणा वजा करून?”