‘सँडर्सवाल्यांनी ट्रम्प निवडून आणला’: एका फॉरवर्डचा हिशेब

अमेरिकेतील प्रायमरीतून, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीतून, एखाद्याने माघार घेतली की त्याच्या मतदारांचे काय होते, याविषयी एक लांबलचक मराठी मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. एरवी मी त्याकडे दुर्लक्ष केले असते. पण तो न्यू जर्सीतील एडिसनला राहणाऱ्या माझ्या भाच्याला त्याच्या सांगलीच्या काकांनी पाठवला आणि वर लिहिले, ‘प्रायमरीच्या भानगडीत पडू नकोस.’ भाचा नुकताच तिथला नागरिक झाला आहे आणि पहिल्या मतदानाबद्दल त्याला उत्सुकता होती. तो मजकूर वाचून त्याने मला फोनवर विचारले, ‘मामा, आपला माणूस मध्येच बसणार असेल तर मत द्यायला जायचेच कशाला?’ मतदानाचा हक्क हाती येताच तो टाकून द्यायला शिकवणारा मजकूर निरुपद्रवी नसतो, म्हणून हे उत्तर.

मजकुरातील दावे थोडक्यात असे. २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी हिलरी क्लिंटन यांच्याशी लढणारे समाजवादी विचारांचे बर्नी सँडर्स यांना डावलल्यामुळे चिडलेल्या त्यांच्या निम्म्या समर्थकांनी रिपब्लिकन पक्षाच्या डोनाल्ड ट्रम्प यांना मते दिली आणि क्लिंटन यांना पाडले. असा दगाफटका अमेरिकेच्या इतिहासात पूर्वी कधी झाला नव्हता. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीतून माघार घेतलेल्या उमेदवारांनी आपली मते एकगठ्ठा जो बायडेन यांच्या पदरात टाकली. माघारीनंतर त्या उमेदवाराला पडलेली मते मोजलीच जात नाहीत. आणि या सगळ्याचा निष्कर्ष असा की आपला उमेदवार बसला की मतदाराने घरी बसावे.

पहिला दावा सर्वांत जास्त पसरलेला आणि सर्वांत जास्त चुकीचा आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. ‘निम्मे’ हा आकडा आला कोठून, हे मजकुरात कोठेही नाही. या प्रश्नावर भक्कम आधार म्हणावा असे एक मोठे सर्वेक्षण उपलब्ध आहे. अनेक अमेरिकी विद्यापीठे मिळून काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, निवडणुकांचे जे संयुक्त सर्वेक्षण करतात, त्यात २०१६ साली ६४ हजारांहून अधिक लोकांना निवडणुकीपूर्वी आणि निवडणुकीनंतर प्रश्न विचारण्यात आले. त्याचे महत्त्व केवळ संख्येत नाही. अमेरिकेत कोणी कोणाला मत दिले हे गुप्त असले, तरी कोणी मतदान केले की नाही याची नोंद मतदारयादीत असते, आणि या सर्वेक्षणातील उत्तरे त्या याद्यांशी ताडून पाहण्यात आली. ‘मी मत दिले’ असे नुसते म्हणणाऱ्यांना त्यामुळे बाजूला काढता आले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील राज्यशास्त्राचे तेव्हाचे प्राध्यापक ब्रायन शॅफनर यांनी २०१७ मध्ये त्यावरून हिशेब मांडला. प्रायमरीत सँडर्स यांना मत देणाऱ्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश लोकांनी नोव्हेंबरात क्लिंटन यांना मत दिले आणि ट्रम्प यांना दिले १२ टक्क्यांनी. रँड या संशोधन संस्थेच्या पाहणीत हे प्रमाण ६ टक्केच निघाले. निम्मे कोठे आणि आठातला एक कोठे!

आता अर्धसत्य मान्य करणे भाग आहे. शॅफनर यांच्या आकडेवारीनुसार हे प्रमाण पेनसिल्व्हेनियात १६, विस्कॉन्सिनमध्ये ९ आणि मिशिगनमध्ये ८ टक्के होते. सँडर्स यांना तेथील प्रायमरीत पडलेल्या मतांना हे प्रमाण लावले, तर पेनसिल्व्हेनियात सुमारे १ लाख १७ हजार, विस्कॉन्सिनमध्ये ५१ हजार आणि मिशिगनमध्ये ४८ हजार मतदार असे निघतात, जे सँडर्स यांच्याकडून ट्रम्प यांच्याकडे गेले. ट्रम्प यांचे मताधिक्य त्या राज्यांत अनुक्रमे ४४,२९२, २२,७४८ आणि १०,७०४ होते. तिन्ही ठिकाणी पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा आहे, आणि ही तीन राज्ये मिळाली असती तर क्लिंटन अध्यक्ष झाल्या असत्या, हेही खरे. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा हाच धागा पकडला आहे.

पण या बेरीज-वजाबाकीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी की हे लोक मुळात डेमोक्रॅटिक पक्षाचे होते, सँडर्स उमेदवार झाले असते तर पक्षातच राहिले असते आणि सँडर्स यांना डावलल्याच्या रागाने बाहेर पडले. ते लोक कोण होते हे पाहिले की हे गृहीतक टिकत नाही. त्याच सर्वेक्षणानुसार सँडर्स यांच्याकडून ट्रम्प यांच्याकडे गेलेल्यांपैकी जेमतेम ३५ टक्क्यांनी २०१२ मध्ये बराक ओबामा यांना मत दिले होते. उरलेले बहुसंख्य लोक चार वर्षांपूर्वीही डेमोक्रॅटिक उमेदवारामागे नव्हते. जे मत पक्षाचे नव्हतेच, ते पक्षाने गमावले असे कसे म्हणायचे?

वेस्ट व्हर्जिनियाचे उदाहरण या बाबतीत नीट पाहण्यासारखे आहे. १० मे २०१६ रोजी तिथल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत सँडर्स यांनी राज्यातील सगळ्या ५५ काउंट्या, म्हणजे जिल्हे, जिंकल्या. वरवर पाहता डोंगराळ कोळसापट्ट्यात समाजवादी लाट आली असे कोणालाही वाटेल. पण त्या दिवशी मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना जे प्रश्न विचारले गेले, त्यात सँडर्स यांच्या दहापैकी जवळपास चार मतदारांनी सांगितले की नोव्हेंबरात सामना सँडर्स विरुद्ध ट्रम्प असा झाला, तरी आपले मत ट्रम्प यांनाच असेल. क्लिंटन उमेदवार झाल्या तर नव्हे, खुद्द सँडर्स उमेदवार झाले तरी! त्या माणसांना सँडर्स हवे होते म्हणून ती रांगेत उभी नव्हती.

मग ती डेमोक्रॅटिक प्रायमरीत आली कशी? त्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या खाणकामगारांच्या संघटनांमुळे लोकांची नावनोंदणी डेमोक्रॅटिक पक्षात होत आली. अध्यक्षपदासाठी राज्याने त्या पक्षाला शेवटचा कौल दिला तो १९९६ मध्ये. नोंदणी मात्र तशीच राहिली, कारण शेरिफपासून, म्हणजे काउंटीच्या निवडून येणाऱ्या पोलीसप्रमुखापासून, राज्याच्या विधिमंडळापर्यंतच्या अनेक जागांचा निकाल कित्येक वर्षे डेमोक्रॅटिक प्रायमरीतच लागत असे. असा मतदार मे महिन्यात डेमोक्रॅटिक मतपत्रिका घेतो आणि नोव्हेंबरात रिपब्लिकन अध्यक्ष निवडतो. २०१२ मध्ये ओबामा अध्यक्षपदावर असताना याच राज्यातील प्रायमरीत कीथ जड नावाच्या माणसाला ४१ टक्के मते पडली होती, आणि जड त्या वेळी टेक्सासमधील संघराज्याच्या तुरुंगात शिक्षा भोगत होते. ती मते जड यांच्या विचारांना होती असे कोणी म्हणणार नाही. ती ओबामांच्या विरोधात होती. २०१६ मध्ये सँडर्स यांना मिळालेल्या मतांतही याच मतांचा एक हिस्सा होता. त्यातच क्लिंटन यांनी मार्चमध्ये ओहायोत ‘आपण बरेच कोळसा-कामगार आणि कंपन्या बंद पाडणार आहोत’ असे वाक्य उच्चारले होते, आणि कोळशावर जगणाऱ्या गावांना मागचा-पुढचा संदर्भ ऐकण्याची गरज वाटली नाही.

आपल्याकडून ही चूक का होते तेही समजते. महाराष्ट्रात तिकीट पक्षश्रेष्ठी देतात, सामान्य मतदार नाही, त्यामुळे पक्षांतर्गत निवडणुकीत मत देणारा म्हणजे पक्षाचा निष्ठावंत कार्यकर्ता, असे आपण धरून चालतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत तसे नाही. मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये तर मतदाराची पक्षवार नोंदणीच नसते; त्या दिवशी ज्या पक्षाची प्रायमरी निवडाल तिथे मत देता येते.

शिवाय वाहतूक दोन्ही दिशांनी असते. ही बाजू मजकुरात औषधालाही नाही. त्याच २०१६ साली रिपब्लिकन प्रायमरीत ओहायोचे गव्हर्नर जॉन केसिक यांना मत देणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक नोव्हेंबरात क्लिंटन यांच्याकडे गेले, हे शॅफनर यांच्याच आकडेवारीत आहे. केसिक यांना मिशिगनच्या प्रायमरीत ३ लाखांहून अधिक मते होती. देशाचे हे प्रमाण मिशिगनला लावून पाहिले, तर ट्रम्प यांनी तेथे केसिक यांच्यामुळे सुमारे लाखभर मते गमावली असे म्हणावे लागेल, म्हणजे सँडर्स यांच्याकडून आलेल्यांच्या दुप्पट. हा हिशेब मी नेमका म्हणून देत नाही. राज्यवार प्रमाण वेगळे असू शकते. पण फक्त एका बाजूची गळती मोजून पराभवाचे खापर एका गटावर फोडणे कसे चूक आहे, हे दाखवायला तो पुरेसा आहे.

सँडर्स यांना ‘डावलले’ याबद्दलही एक वाक्य लिहिले पाहिजे. पक्षाच्या राष्ट्रीय समितीतील काही पदाधिकाऱ्यांचा कल क्लिंटन यांच्याकडे होता, हे जुलै २०१६ मध्ये फुटलेल्या ई-मेलांतून दिसले आणि समितीच्या अध्यक्ष डेबी वासरमन शुल्त्झ यांना पद सोडावे लागले. तेवढे खरे. पण प्रायमरीच्या एकूण मतांत क्लिंटन सुमारे ३७ लाखांनी पुढे होत्या, आणि सँडर्स यांनी १२ जुलैला न्यू हॅम्पशरमध्ये त्यांना जाहीर पाठिंबा देऊन पुढे त्यांच्यासाठी प्रचारही केला.

‘पूर्वी कधी झाले नव्हते’ हा दावा दोन ओळींत निकालात निघतो. २००८ मध्ये क्लिंटन यांनी ७ जूनला माघार घेऊन ओबामांना पाठिंबा दिला, तेव्हा त्यांचे नाराज समर्थक रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांच्याकडे जाण्याची भाषा उघडपणे करत होते. एका अभ्यासात क्लिंटन यांच्या प्रायमरी-मतदारांपैकी सुमारे २५ टक्के लोक मॅकेन यांच्याकडे गेलेले आढळले. हे प्रमाण २०१६ च्या दुपटीहून जास्त आहे, आणि तरीही ओबामा ९५ लाख मतांनी जिंकले. म्हणून २००८ च्या त्या मतदारांवर कोणी गद्दारीचा शिक्का मारला नाही.

२०२० च्या ‘एकगठ्ठा मतांचा’ दावा ऐकायला पटतो, कारण घटनाक्रम नाट्यमय होता. २९ फेब्रुवारीला बायडेन यांनी साउथ कॅरोलायना मोठ्या फरकाने जिंकली, दुसऱ्या दिवशी त्यांचे प्रतिस्पर्धी पीट बुटिजज शर्यतीबाहेर पडले, २ मार्चला एमी क्लोबशार, आणि दोघांनी त्याच संध्याकाळी डॅलसमध्ये बायडेन यांना पाठिंबा दिला. ३ मार्चला मतदान झालेल्या १४ पैकी १० राज्ये बायडेन यांनी जिंकली. पाठिंब्याचा परिणाम झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बुटिजज यांच्या समर्थकांना ‘दुसरी पसंती कोणाला’ असे विचारले असता आधीच्या पाहण्यांत उत्तरे सँडर्स, बायडेन, एलिझाबेथ वॉरन आणि मायकेल ब्लूमबर्ग अशी विखुरलेली होती; मतांचा गठ्ठा त्यांच्या हातात नव्हताच. साउथ कॅरोलायनाचा निकाल पाहून मतदारांनी स्वतःच विचार बदलला. क्लोबशार यांच्या मिनेसोटात बायडेन जिंकले, पण तिथे टपालाने आणि आगाऊ मतदान जानेवारीपासूनच सुरू होते, त्यामुळे शर्यतीबाहेर गेलेल्या क्लोबशार यांच्या नावावरही पाच टक्क्यांहून अधिक मते नोंदली गेली.

माघारीनंतरची मते मोजत नाहीत, या दाव्याचे उत्तर इथेच मिळते, पण अधिक ठळक उदाहरण २०२४ चे आहे. रिपब्लिकन उमेदवारीसाठी ट्रम्प यांच्याविरुद्ध लढणाऱ्या निकी हेली यांनी ६ मार्चला प्रचार थांबवला. त्यानंतर सात आठवड्यांनी, २३ एप्रिलला, पेनसिल्व्हेनियाच्या रिपब्लिकन प्रायमरीत त्यांना दीड लाखाहून अधिक मते पडली. ती मोजली गेली, प्रसिद्ध झाली आणि दोन्ही पक्षांनी त्यावर महिनोन्‌महिने डोके चालवले. त्या राज्यात फक्त रिपब्लिकन नोंदणी असलेल्यांनाच त्या प्रायमरीत मत देता येते, म्हणून त्या आकड्याला वजन होते. त्यातले सगळे लोक नोव्हेंबरात डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस यांच्याकडे वळतील असे ज्यांनी मानले तेही चुकले. ट्रम्प यांनी पेनसिल्व्हेनिया जिंकले. निषेधाचे मत आणि पक्षांतर या वेगळ्या गोष्टी आहेत.

राहिला शेवटचा आणि सर्वांत घातक सल्ला, घरी बसण्याचा. अध्यक्षपदाची शर्यत संपली म्हणजे प्रायमरी संपली, असे समजणाऱ्याने ती मतपत्रिका पाहिलेलीच नाही. तिच्यावर सेनेट आणि प्रतिनिधिगृह या संसदेच्या सभागृहांचे, तसेच काउंटी आणि गावपातळीवरील पदांचे उमेदवारही असतात. न्यू जर्सीत प्रायमरी बहुधा जूनमध्ये होते, म्हणजे अध्यक्षपदाचे चित्र बरेचदा आधीच स्पष्ट झालेले असते, आणि ज्याची कोणत्याही पक्षात नोंद नाही त्याला त्या दिवशी मतदान केंद्रावरच पक्ष जाहीर करून मत देता येते. ४ जून २०२४ च्या प्रायमरीत अध्यक्षपदासाठी ठरायचे काहीच उरले नव्हते. सेनेटच्या जागेसाठी मात्र उरले होते. तेव्हाच्या गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी यांच्यामागे अनेक काउंट्यांची पक्षयंत्रणा उभी होती, पण मार्चअखेर त्यांनी माघार घेतली. त्यानंतर काही दिवसांतच, पक्षाच्या पसंतीचे उमेदवार मतपत्रिकेवर एका ठळक रांगेत छापण्याच्या जुन्या पद्धतीला संघराज्याच्या न्यायालयाने डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती मनाई केली. ती दाद मागणाऱ्यांत याच जागेसाठी लढणारे अँडी किम होते. जूनमध्ये जे मतदार घरी बसले नाहीत त्यांनी किम यांना उमेदवारी दिली, आणि नोव्हेंबरात ते सेनेटवर निवडून गेले.