आपल्या पब्लिकला काय चालतं हे तुम्ही नका ठरवू

आज दुपारी जळगावजवळ आसोद्याकडे एका शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणं चालू, बायका पुऱ्यांच्या मागे, पुरुष खाटांवर, आणि कसा कोण जाणे पिक्चरचा विषय निघाला. मी होमबाउंडचं नाव घेतलं. तिथे एक ओळखीचे गृहस्थ होते, त्यांचं थिएटर लाइनमध्ये काहीतरी आहे, नाव घेत नाही. ते लगेच म्हणे, वहिनी, असले पिक्चर आपल्या पब्लिकला चालत नाही, आपल्या लोकांना डोक्याला ताप नको, दिवसभर राबलेला माणूस पैसे देऊन रडायला कशाला येईल. आणि बाकीच्यांनी मान डोलावली. सगळ्यांनी! त्यात दोन प्राध्यापक पण होते.

मी तिथे गप्प बसली कारण घर दुसऱ्याचं, पाहुणे दुसऱ्याचे. पण संध्याकाळपासून ते वाक्य डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय, लांबलं तर लांबलं.

आधी माझ्या मामाचं सांगते. माझा मामा शिंदखेडा तालुक्यातला, कोरडवाहू दोन-अडीच एकर, त्यात काय होतं सगळ्यांना माहिती आहे. म्हणून तो तरुणपणीच सुरतला गेला, लिंबायतला खोली, डाईंग मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमध्ये काम. आपल्याकडे हे नवीन नाही, उधना-लिंबायतच्या गल्ल्यांमध्ये अहिराणी ऐकू येते, प्रत्येक गावातलं कोणी ना कोणी तिकडे आहेच. मागे एका लग्नासाठी मामा जळगावला आला होता आणि आमच्याकडे मुक्कामी होता. रात्री जेवणं झाली आणि मी टीव्हीवर होमबाउंड लावला. मला आधीच बघायचा होता, नीरज घायवानचा आहे, मसानवाला. बहीण किचनमधून खुणा करत होती, बंद कर, त्याला त्रास होईल. मामानं ते पाहिलं आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. देखू दे."

ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन मित्र, एक मुसलमान, एक दलित, उत्तरेकडच्या एका गावातले, दोघांना पोलिसात भरती व्हायचंय कारण त्यांना वाटतं की अंगावर वर्दी आली की लोक नावावरून माणूस मोजणार नाहीत. पुढे पोटासाठी सुरतच्या कापड मिलमध्ये जातात. मग लॉकडाऊन. हे खरं घडलेलं आहे, 2020 साली बशारत पीर यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्या दोन मित्रांवर लेख लिहिला होता, त्यावरून हा सिनेमा. आपल्या देशाकडून ऑस्करला पाठवलेला सिनेमा आहे हा, आणि तो आमच्याकडे कधी लागला न कधी उतरला, मला विचाराल तर मला नाही सांगता येणार.

मिलचे सीन आले तसा मामा पुढे सरकून बसला. आणि बोलायला लागला. डाईंगला केमिकलचा वास कपड्यात कसा बसतो की घरी आल्यावर पण जात नाही, ओल्या कापडाचं वजन काय असतं, बारा तासाच्या पाळीत पाय कसे सुजतात. पिक्चर चालू, त्याचं बोलणं पण चालू. आम्ही कोणी त्याला गप्प रहा म्हटलं नाही.

आता मला सांगा, हा माणूस "पब्लिक" नाही का? पब्लिक म्हणजे कोण मग? ज्याच्यासाठी तुम्ही ठरवून ठेवलंय की याला फक्त नाच, मारामारी आणि हिरोची एंट्री पाहिजे, तो हाच ना? त्याला एकदा तरी विचारलंय?

मी काही समीक्षक नाही. कॅमेरा अँगल वगैरे मला कळत नाही, मी घरातली कामं आटपून, पोरांचा अभ्यास घेऊन, रात्री जो मिळेल तो पिक्चर बघणारी बाई आहे. पण बघते मात्र सगळं. आणि मला जे वाटतं ते हे की आपल्यावरचे सिनेमे आपल्यालाच न दाखवता परस्पर ठरवलं जातं की आपल्याला ते आवडणार नाहीत. मग सकाळी नऊचा एक शो लावायचा, तो पण आडवारी. शेतकरी येणार नाही, नोकरीवाला येणार नाही, बाई तर नाहीच नाही. मग तीन तिकिटं गेली की म्हणायचं, बघा, आम्ही सांगत होतो. हा कुठला न्याय आहे?

2025 चा फेब्रुवारी-मार्च आठवा. 14 फेब्रुवारीला छावा आला. 28 ला सुपरबॉइज ऑफ मालेगाव. 7 मार्चला स्थळ. तीन आठवड्यात तीन पिक्चर आणि तिन्हीचं आपल्याशी नातं.

छावा मी पण पाहिला, सगळ्या कॉलनीबरोबर, आणि शेवटी रडली पण. शंभूराजांच्या हालांवर कोण रडणार नाही. पण खरं सांगते, कान दुखत होते. सगळा वेळ ढोल, सगळा वेळ ओरडणं. आणि पिक्चर सुरूच होतो बुऱ्हाणपूरवरच्या स्वारीनं, बुऱ्हाणपूर म्हणजे आपल्या खान्देश सुभ्याची राजधानी, भुसावळहून पुढे रेल्वेनं जरासं अंतर, आणि पडद्यावर काय तर धूळ, आग आणि एक सिंह. शहर कसं होतं, माणसं कोण होती, व्यापार काय होता, काही नाही. औरंगजेब झालेला अक्षय खन्ना मात्र जबरदस्त, फार न बोलता भीती वाटायला लावतो. असो, हाउसफुल्ल होता, लोकांना आवडला, त्याबद्दल माझं भांडण नाही. माझं भांडण हे आहे की सगळे पडदे, सगळे चांगले टाइम एकाच पिक्चरला.

स्थळ बघायला मी मुद्दाम गेली. जयंत सोमलकरांचा, त्यांच्याच गावात, चंद्रपूरकडच्या डोंगरगावात केलेला, बहुतेक माणसं गावातलीच. एक मुलगी, शिकणारी, तिला बघायला पाहुणे येतात. पुन्हा येतात. पुन्हा तेच पाट, तेच पोहे, तेच प्रश्न, नाव काय, उंची किती, छंद काय. बाप कपाशीवाला, भावाची वाट बघतोय, भाव काही चढत नाही आणि हुंडा काही उतरत नाही. हे विदर्भातलं आहे म्हणे. अहो हे धरणगावचं आहे, पारोळ्याचं आहे, माझ्या स्वतःच्या चुलत बहिणीचं आहे! सुरुवातीला एक स्वप्न दाखवलंय ज्यात मुली बसल्यात आणि मुलाला प्रश्न विचारतायत, माझ्या शेजारी बसलेल्या एक आजी मोठ्यानं हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. पिक्चर जरा लांबल्यासारखा वाटतो मधे, हे कबूल. पण पाहुणे पाचव्यांदा येतात तेव्हा त्या मुलीला पण लांबल्यासारखंच वाटत असणार ना.

टोरांटोला 2023 साली त्याला बक्षीस मिळालं. टोरांटोच्या लोकांना कपाशीवाला बाप कळला आणि आम्हाला कळणार नाही?

परत मामाकडे येते. पिक्चरमध्ये ते चालायला लागतात ना, ट्रकमधून त्यांना उतरवतात कारण एकाला ताप आहे आणि बाकीचे घाबरलेत, तिथे मामा बोलायचा थांबला. मी पॉज करायला रिमोट उचलला तर त्यानं हातानं नको म्हणून खूण केली. संपेपर्यंत एक शब्द नाही. आणि संपल्यावर लाइट लावायच्या आत त्यानं सांगायला सुरुवात केली.

एप्रिल 2020. मिल बंद, मालक फोन उचलत नाही, खोलीत सात जण, रेशन संपलेलं. गल्लीतले काही जण निघाले तसा हा पण निघाला. रुळाच्या कडेकडेनं, बारडोली, व्यारा, सोनगड. दिवसा झाडाखाली पडून राहायचं, रात्री चालायचं. व्याराच्या पुढे एका आदिवासी घरातल्या बाईनं लांबूनच पातेलंभर ताक ठेवलं आणि आत निघून गेली, ती बाई त्याला अजून आठवते, म्हणे चेहरा पण दिसला नाही नीट. नवापूरला अडवलं. नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातमध्ये अर्धं महाराष्ट्रात आहे, हे आपण शाळेत मजा म्हणून शिकलो. मामा म्हणाला, तिथे इकडचे तिकडे ढकलत होते आणि तिकडचे इकडे. मग शेतातून वाट काढून, पुढे एका कांद्याच्या ट्रकनं दोंडाईचापर्यंत. आणि गावात आल्यावर शाळेच्या खोलीत चौदा दिवस, जिथे तो स्वतः चौथीपर्यंत शिकला, आणि लोक लांबून बघायला यायचे.

हे आमच्यापैकी कुणालाही माहिती नव्हतं. आईला पण नाही, सख्ख्या बहिणीला. तिला एवढंच माहिती की भाऊ आला, वाचला. 8 मे ला करमाडजवळ मालगाडीखाली 16 मजूर गेले, ते भुसावळला गाडी धरायला म्हणून रुळावरून चालत होते, ती बातमी लागली तेव्हा आईनं टीव्ही बंद केला होता एवढं मला आठवतं. तेव्हा पण मामानं काही सांगितलं नाही. मी म्हटलं, मामा इतकी वर्षं का नाही बोललास? तर म्हणे, "कोनी इचारंच नही."

लिहिताना पण डोळे भरून येतायत, थोडं थांबते.

हं. तर ते दुपारचे गृहस्थ म्हणत होते की राबणारा माणूस रडायला येत नाही. माझा मामा रडला नाहीच. तो बोलला. रात्री दीडपर्यंत बोलला. एका पिक्चरनं ते केलं जे आम्ही घरच्यांनी केलं नाही, आणि तुम्ही मला सांगता डोक्याला ताप?

होमबाउंडमध्ये पण खटकणाऱ्या गोष्टी आहेत. जान्हवी कपूरला फार काम नाही, काही संवाद भाषण दिल्यासारखे. दोन्ही पोरं मात्र, ईशान खट्टर आणि विशाल जेठवा, काय काम केलंय. विशालचा चेहरा तर डोळ्यासमोरून हलत नाही.

आता मालेगावचं. जिल्हा नाशिक असला तरी मालेगाव आपल्या शेजारचं, धुळ्याहून आग्रा रोडनं तासाभरात. लूमचं, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागांचं गाव, शुक्रवारी लूम बंद आणि सगळे पिक्चरला. तिथल्या लोकांनी स्वतःच्या खिशातून, लग्नाच्या शूटिंगच्या कॅमेऱ्यावर स्वतःचा शोले केला, स्वतःचा सुपरमॅन केला. त्यांच्यावरचाच सुपरबॉइज मी प्राइमवर पाहिला, चांगला आहे, विनीत कुमार सिंह छान, पण मला तो जरा गुळगुळीत वाटला, रडायच्या जागी बरोबर म्युझिक, सगळं नीट जमवून आणलेलं. त्याच्या आधी फैझा अहमद खान यांनी 2008 मध्ये केलेली डॉक्युमेंटरी आहे, सुपरमेन ऑफ मालेगाव, ती बघा. तासाभराची आहे. लूमवर काम करणारा काडीसारखा शफिक सुपरमॅन होतो, ट्रकला हिरवा कपडा लावून त्याला उडवतात, मधेच त्याचं लग्न निघतं तर शूटिंग थांबतं. पुढे तो कॅन्सरनं गेला. त्यात कुणी आपल्याकडे दयेनं बघत नाही आणि कुणी आपल्याला हसत पण नाही. हसायला येतं ते त्यांच्याबरोबर येतं.

डॉक्युमेंटरी म्हटलं की आपल्याकडे लोक तोंड वाकडं करतात, शाळेत पडदे लावून दाखवायचे ते सरकारी काहीतरी. माझ्या सासूबाई, सातवी शिकलेल्या, त्यांनी द एलिफंट व्हिस्परर्स बघितली, तमिळ येत नाही, खालच्या पट्ट्या वाचता येत नाहीत इतक्या वेगानं, तरी पूर्ण बघितली आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला त्या हत्तीच्या पिल्लाची सगळी गोष्ट सांगितली, चुकता एक सीन नाही. त्या पण आपलं पब्लिकच.

मान्य आहे, थिएटरवाल्याला लाइट बिल आहे, पगार आहेत, रिकाम्या खुर्च्यांवर धंदा चालत नाही. मान्य. पण मग सरळ म्हणा ना की मला परवडत नाही. माझ्या मामाच्या अकलेवर कशाला ढकलता? संध्याकाळचा एक शो द्या, एक शनिवार द्या, तालुक्याच्या गावात एखादं पोस्टर लावा, मग बघू कोण येतं. आणि तरी नाही आले तर मी स्वतः तुमच्याकडे येऊन ऐकून घेईन.

आणि त्या मान डोलावणाऱ्या प्राध्यापकांना पण सांगायचंय, सर, तुमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप नाहीतर काका सुरतला आहेत. तुम्हाला हे माहिती आहे. तुम्ही तरी मान डोलवायला नको होती.

मामाचा काल फोन आला होता, मामीला घेऊन येतोय म्हणे पुढच्या महिन्यात. तिला स्थळ दाखवायचाय, त्यांच्या धाकटीसाठी सध्या पाहुणे येणं चालू आहे आणि मला वाटतं मामीनं तो बघायलाच पाहिजे, धाकटीला शेजारी बसवून. सध्या तो कुठे बघायला मिळेल हे कुणाला नक्की माहिती असेल तर कमेंटमध्ये टाका. आणि सुपरमेन ऑफ मालेगाव आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये लावायचा विचार आहे, क्लासवाल्या मैत्रिणीकडे प्रोजेक्टर आहे, तिला विचारलंय, ती हो म्हणाली. जळगावातले ज्यांना यायचंय त्यांनी मेसेज करा, तारीख ठरली की कळवते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पण आणा, खुर्च्या भरपूर आहेत.