थोपटलं की चालतो

आमच्या अ‍ॅम्प्लिफायरला मारायची एक जागा होती. झाकणाच्या मागच्या कडेपासून चार बोटं आत, जराशी डावीकडे. गाणं चालू असताना डावा स्पीकर मुका झाला की तिथं तळहातानं एक थाप द्यायची. घरात सगळ्यांना ती जागा पाठ होती. मुलगा तर कॉम्प्युटरवरची नजर न हलवता मागे हात नेऊन बरोबर तिथंच मारायचा. असं दोन वर्षं चाललं.

मग एक थाप पुरेना. दोन लागायला लागल्या, मग तीन, मग झाकणावर हात दाबून धरायचा आणि तसंच गाणं ऐकायचं. शेवटी दुरुस्तीला नेला. दुरुस्तीवाल्यांनी झाकण काढलं, आत टॉर्च मारला, झाकण लावलं. "बोर्ड गेलाय मॅडम. आता हा बोर्ड येत नाही. नवीनच घ्या."

डबा काखोटीला मारून परत येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. बोर्ड म्हणजे आतली ती पाटी, जिच्यावर सगळे भाग जोडलेले असतात. गेलेला बोर्ड थापेनं परत कसा येतो? जळालेली चिप चापट मारली म्हणून शुद्धीवर येत नाही. थापेला जे दाद देतं ते जळालेलं नसतं, सुटलेलं असतं. आत कुठेतरी दोन गोष्टी एकमेकींना टेकतायत आणि सुटतायत. हे समजायला इंजिनियर असावं लागत नाही. माझा विजेशी संबंध बिल भरण्यापुरता, तरी मला एवढं कळलं. आणि मग रागही आला, थोडा त्यांचा, जास्त माझाच, कारण दोन वर्षं रोज थाप मारताना हा प्रश्न मला पडला नव्हता.

तर मी सोल्डरिंग शिकले, म्हणजे सोल्डर नावाची मऊ धातूची तार वितळवून बोर्डावरचे भाग जोडायला. वय वर्षं एक्कावन्न.

आधी एक सांगते. हा अ‍ॅम्प्लिफायर छोटा आहे, त्याचा अ‍ॅडॅप्टर बाहेर आहे, आत येतात ते १९ व्होल्ट डीसी. म्हणून मी तो उघडण्याचं धाडस केलं. ज्या वस्तूची भिंतीतल्या सॉकेटची वायर थेट आत जाते तिची गोष्ट वेगळी. २३० व्होल्ट एसी आत जाऊन त्याचा डीसी झाला की मोठ्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागावर, सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट बसतात, आणि प्लग काढल्यावरही ते तिथं दबा धरून राहू शकतात. मायक्रोवेव्हमध्ये तर काही हजार व्होल्ट. मायक्रोवेव्ह उघडू नका. यावर माझ्याशी वाद घालू नका.

आता शोध. खरं कौशल्य सोल्डरिंगमध्ये नाही, शोधण्यात आहे, हे मला फार उशिरा कळलं. बोर्ड बाहेर काढला, उलटा केला, भिंग लावलं. शेकडो चांदीचे ठिपके, सगळे सारखे. काहीच दिसेना. मग वाचलं होतं तसं केलं: अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवून कोरड्या काडीनं एकेक भाग हलकेच टोचत जायचं. मी आधी पेन्सिल उचलली होती. टोक बोर्डाच्या दोन बोटं वर असताना आठवलं की पेन्सिलीतल्या शिशातून वीज जाते. (त्या 'शिशा'त शिसं नसतंच, असतं ग्रॅफाइट. मराठीनं आपल्याला इथं चांगलंच फसवलंय.) पेन्सिल ठेवली, बांबूची काडी घेतली.

चिपला टोचलं, काही नाही. कॉइलला टोचलं, काही नाही. मागच्या बाजूला स्पीकरच्या वायरी जिथं खोचतात त्या जोडणीच्या डाव्या पिनेला काडी लागली आणि खर्रर्र. परत लावली, परत खर्रर्र. वीज काढली, भिंग तिथं नेलं आणि टॉर्च वरून न धरता आडवा धरला. तेव्हा दिसलं. पिनेभोवती बारीक काळं वलय. चंद्राला खळं पडतं ना, तसं. पिन सोल्डरच्या मधोमध उभी होती, पण तिला सोल्डरचा स्पर्श कुठंच नव्हता. केसापेक्षा बारीक भेग, पूर्ण गोल फिरलेली.

झालं होतं इतकंच. आम्ही दर दोन-चार महिन्यांनी टेबल पुसताना स्पीकरच्या वायरी ओढत होतो आणि ती ओढ सगळी त्या पिनेवर येत होती. शिवाय वस्तू चालू केली की तापते, बंद केली की निवते. तांबं, सोल्डर आणि बोर्डाचा फायबर हे तिघे तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. रोजची ही ओढाताण सगळ्यात मऊ गड्यावर निघते, आणि तो गडी म्हणजे सोल्डर. मेकॅनिक लोक याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात. ज्या वस्तू तापल्यावर बंद पडतात किंवा हलवल्यावर चालू होतात, त्यांच्यात पहिला संशय याच्यावर घ्यावा.

म्हणजे बोर्ड गेला नव्हता. बोर्डावरचा एक ठिपका गेला होता.

आता हे मी त्या दिवशी लगेच जोडलं नाही, आणि हे मी केलेलं एकमेव शहाणपण. आधी एक बंद पडलेला रिमोट उघडला आणि त्याच्या बोर्डावर पंधरा दिवस हात चालवला. जुन्या मराठीत सोल्डरला 'डाख' म्हणतात, डाख देणं. मला तो शब्द आवडतो, पण इथं सोल्डरच म्हणते, नाहीतर मुलगा हसतो.

पहिले तीन दिवस मी सगळे करतात तीच चूक केली. सोल्डरची तार आयर्नच्या, म्हणजे विजेवर तापणाऱ्या दांडीच्या, टोकावर वितळवायची आणि तो थेंब जोडावर नेऊन ठेवायचा. सुरेख गोल मोती तयार व्हायचे. मी खूश. नखानं ढकललं की मोती टुणकन उडून जायचा. कारण खाली ठेवलेलं तांबं थंड होतं, थेंब त्याला चिकटलाच नव्हता, नुसता बसला होता. उलटं करायचं असतं: आयर्नचं टोक पिन आणि बोर्डावरची तांब्याची चकती या दोघांनाही एकाच वेळी टेकवायचं, एक-दीड सेकंद थांबायचं, आणि तार आयर्नला न लावता दुसऱ्या बाजूनं जोडाला लावायची. धातू पुरेसा तापला असेल तर सोल्डर आपणहून तिकडे धावतं, पिनेभोवती फिरतं आणि क्षणात पसरतं. ते पसरणं पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी एकटीच "अगं बाई!" म्हणाले. चांगला जोड मोत्यासारखा फुगीर दिसत नाही. पिनेकडून खाली आत वळत जाणारा उतार दिसतो, तंबूच्या कापडासारखा.

तारेच्या पोटात राळ भरलेली असते. तापलेल्या तांब्यावर हवेमुळे जो गंज धरतो तो ती खाते, म्हणून सोल्डर चिकटतं. ती राळ काही क्षणांतच जळून जाते. म्हणून टोकावर नेलेला थेंब निकामी: जोडापर्यंत पोचेतो त्याच्यातली राळ धूर होऊन गेलेली असते. त्या धुराबद्दलही बोलू. "शिशाचा धूर नाकात जाईल" असं मला तीन जणांनी सांगितलं. शिसं १७४९ अंशांना उकळतं, आयर्न असतं साडेतीनशेच्या आसपास. धूर शिशाचा नसतो, राळेचा असतो. पण राळेचा धूरही छातीला वाईट, त्यानं दमा होऊ शकतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवायची आणि तोंड थेट धुराच्या वर धरायचं नाही. शिसं पोटात जातं ते हातावाटे. काम झालं की हात साबणानं धुवायचे, मधेच काही खायचं नाही.

तार मी ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेली घेतली. ती बरोबर १८३ अंशांना वितळते आणि मधे चिखलासारखी अवस्था न येता एकदम घट्ट होते, त्यामुळे नवख्या हातांना बरी. कारखान्यातला जोड मात्र बहुधा बिनशिशाचा असतो. युरोपियन संघानं १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिशावर निर्बंध आणले आणि मग जवळपास सगळ्यांनीच पद्धत बदलली. ते सोल्डर २१७ च्या पुढे वितळतं, आणि दिसायलाही जरा मंद. म्हणून नुसता चकाकत नाही म्हणून जोड खराब समजू नये. मी आधी तसं समजून एक चांगला जोड उगाच बिघडवला.

आयर्नचं टोक काळं पडायला लागलं तेव्हा मी ते सँडपेपरनं घासलं. छान चकचकीत झालं आणि दोन दिवसांत त्याला खड्डा पडला. टोक आतून तांब्याचं असतं, वरून लोखंडाचा पातळ थर. तो थर मी घासून काढला आणि उघडं पडलेलं तांबं सोल्डरनं हळूहळू खाल्लं. टोक ओल्या स्पंजावर पुसायचं आणि बंद करताना त्यावर थोडं सोल्डर माखून ठेवायचं, बस. आणि नळजोडणीची पेस्ट इथं वापरायची नाही, त्यातलं आम्ल नंतर बोर्ड खात बसतं.

सोळाव्या दिवशी अ‍ॅम्प्लिफायर घेतला. वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा छोटा हातपंप असतो, त्याची दांडी दाबून ठेवली, जुना जोड तापवला. वितळेना. थोडी नवी तार लावली, तिच्यातली राळ आणि शिसं मिसळलं तशी जुनी गाठ विरघळली. पंपाचं बटण दाबलं, फट्, सगळं आत ओढलं गेलं. मागे स्वच्छ भोक आणि मधे उभी पिन. पिन जराशी मळकी होती, खरवडली. मग आयर्न टेकवलं. एक. तार लावली. दोन. पसरलं. तीन, आयर्न वर. निवेपर्यंत हलवायचं नाही, म्हणून श्वास धरून बसले. यापेक्षा जास्त वेळ टेकवून ठेवलं की तांब्याची चकती बोर्डावरून सुटून येते. रिमोटवर तशा चार सोडवल्या होत्या, त्यामुळे हाताला तीन सेकंद म्हणजे किती ते ठाऊक झालं होतं. शेजारच्या तिन्ही पिनाही त्याच ओढाताणीतल्या, म्हणून त्याही नव्यानं भरल्या.

डावा स्पीकर लागला.

आता त्या दुरुस्तीवाल्यांबद्दल. माझा राग ओसरलाय. ती भेग शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या. त्यांना वीस मिनिटं लागली असती, पण त्या वीस मिनिटांचे पैसे कुणी देत नाही. आपण सुट्ट्या भागाचे पैसे देतो, शोधण्याचे द्यायला कुरकुरतो. "नुसतं एक टाका मारला आणि एवढे?" हे वाक्य मीसुद्धा म्हटलंय. मग माणूस 'बोर्ड गेला' म्हणायला शिकतो. जुन्या रेडिओंच्या पाठीमागे किंवा पेटीच्या आत सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा. आता नकाशा सोडा, स्क्रूसुद्धा रबरी पायांखाली लपवतात. युरोपियन संघानं २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश मंजूर केला. त्यात वॉशिंग मशीन आहे, फ्रिज आहे, फोन आहे. टेबलावरचा अ‍ॅम्प्लिफायर त्या यादीत नाही. चार स्क्रू आणि एक भेग, एवढ्या वस्तूसाठी कुणाच्या कायद्याची वाट बघायची?

"मग आता सगळ्या वस्तू घरीच दुरुस्त करशील का" असं बहिणीनं विचारलं. नाही. मागच्या महिन्यात मॉनिटर चालू व्हायला पाच-पाच मिनिटं घेऊ लागला. उघडला, पॉवर सप्लायच्या भागात दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली, म्हणजे दुखणं काय ते कळलं. पण शेजारी तो मोठा कपॅसिटर उभा होता, सव्वातीनशे व्होल्टवाला. झाकण लावलं आणि जाणकार माणसाकडे नेला. फरक एवढाच की या वेळी जाताना "बघा ना काय झालंय" म्हणाले नाही. "हे दोन फुगलेत, १०५ अंशांपर्यंत उष्णता सोसणारे लावा, ८५ चे नको" म्हणाले. ते थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि स्टूल पुढे सरकवलं.

अ‍ॅम्प्लिफायर आठ महिने व्यवस्थित आहे. परवापासून उजव्या बाजूला बारीक गुणगुण ऐकू येतेय. थाप मारून बघितली. फरक नाही. काडीनं सगळीकडे टोचून बघितलं, कुठंच दाद देत नाही. म्हणजे हे सुटलेलं नाही, हे दुसरं काहीतरी आहे. बोर्ड सध्या जेवणाच्या टेबलावर आहे आणि घरचे त्याच्या बाजूला ताटं मांडून जेवतायत.