रिकाम्या कपाटाचा फोटो

मामेभावाने, म्हणजे दादाने, फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. साताऱ्यात त्यांच्या सोसायटीच्या बागेत ठेवलेलं कपाट, वर पाटी 'एक घ्या, एक ठेवा', आणि आत उरलेली दोन स्पर्धा परीक्षेची गाईडं आणि मागच्या वर्षीचं पंचांग. सहा दिवसात एकशेदहा पुस्तकं गायब. खाली नेहमीचं सुरू, 'आपल्या लोकांची लायकीच नाही', 'रद्दीवाल्याकडे बघा आधी', आणि मग दादाने मला टॅग करून, 'अगं तू सांग ह्यांना, तिकडे न्यूझीलंडला कशी शिस्त असते, लाँड्रीतली पुस्तकांची फळीसुद्धा कायम भरलेली.'

सांगते.

आत्ता लेबर वीकेंडला जोडून दहा दिवस व्हॅन घेऊन गेलो होतो, क्राइस्टचर्चहून टेकापो, लिंडिस पास, वानाका, मग हास्टवरून वेस्ट कोस्टला वर. व्हॅनमध्ये पुस्तकांना जागा म्हणजे बाकाखालचा एक खण, त्यातही अर्ध्यात पाण्याचा पाईप. नवरा म्हणतो किंडल कशासाठी घेतलंय. घेतलंय हो, पण हास्टकडे रेंज गेली की लायब्ररीच्या ॲपमधून आधी उतरवून घेतलं असेल तेवढंच तुमचं, आणि मी कधीच आधी उतरवून घेत नाही. बाहेर पाऊस, थांबला की सँडफ्लाय, म्हणजे चावऱ्या बारीक माश्या, आणि वाचायला सॉसच्या बाटलीवरचं लेबल.

म्हणून आमची पुस्तकं रस्त्यातच मिळतात. ऑप शॉपात, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, दोन डॉलरला, डनेडिनला लोकांच्या कुंपणावर लावलेल्या लिलिपुट लायब्ररीच्या खोक्यात, एका वर्षी खाली मानापौरीला पुस्तकांच्या एका इवल्याशा रंगीत दुकानात, आणि सगळ्यात जास्त म्हणजे हॉलिडे पार्कच्या, म्हणजे व्हॅन लावून राहायच्या जागेच्या, लाँड्रीत, ड्रायरच्या बाजूच्या फळीवर. ह्या फळीचंच कौतुक चाललंय ना ग्रुपवर, तर जवळून बघा. खुनाच्या कादंबऱ्या, एकीची शेवटची पानं गेलेली, म्हणजे खुनी सुटला. जर्मन पोरं टाकून गेलेली जर्मन गाईडबुकं. वाफेने फुगलेलं डाएटचं पुस्तक. एक जिगसॉ, त्यावर चिठ्ठी, 'तीन तुकडे नाहीत'. फळी कायम भरलेली असते कारण त्यातलं कुणाला काही नकोच असतं, आणि ह्याला दादा शिस्त म्हणतो! मी स्वतः किती वेळा दोन उचलून एकही ठेवलेलं नाही, कुणी विचारत नाही. ऑकलंडच्या लायब्ऱ्यांनी २०२१ मध्ये लेट फीच काढून टाकली, आमच्याकडेही आता नाहीये, म्हणजे इथेही लोक वेळेत आणून देत नव्हतेच की.

आणि लायकीचं काय घेऊन बसलात, रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं आहे, इथे माओरी आणि ब्रिटिशांमधला वायटांगीचा करार व्हायच्या बारा वर्षं आधीचं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेट्या काढल्या २००९ पासून, एका ग्रुपने वाचून झाल्या की दुसऱ्याकडे, अशा फिरत फिरत पार दुबईपर्यंत गेल्या. हे सगळं आपल्याच लोकांनी केलं ना? मान्य, हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा जरा जास्तच जोरात लिहिलं. वीस वर्षं झाली, वाचनालयाची पावती फाडली नाहीये मी कुठल्या.

एक गोष्ट मात्र ग्रुपवर लिहिली नाही.

दोन वर्षांपूर्वी वानाक्याच्या हॉलिडे पार्कच्या लाँड्रीत मी एक मराठी कथासंग्रह ठेवला होता. आईने दिलेला, घरात दोन प्रती झाल्या म्हणून. आत पेनाने लिहिलं, 'वाचून पुढे द्या', आणि खुणेला सातारा-स्वारगेट एसटीचं तिकीट होतं ते तसंच राहू दिलं. मनात पक्कं होतं की कुणीतरी पुण्याचा, नागपूरचा, कपडे वाळायची वाट बघत उभा असेल आणि ओरडेल, अरे हे इथे कसं! इतके आपले लोक येतात व्हॅन घेऊन, वानाक्याच्या त्या पाण्यातल्या झाडासमोर फोटो काढायला रांग लावतात. परत येईपर्यंत पुस्तक कुठल्या कुठे पोचलं असेल असं मी नवऱ्याला किती वेळा सांगितलं असेल.

ह्या वेळी गेले तर तिथेच. जिगसॉच्या खाली, पुठ्ठा वाकडा झालेला, तिकीट त्याच पानात, ४७ वर. दोन वर्षं कुणी चोरलंसुद्धा नाही. साताऱ्याच्या कपाटात असतं तर पहिल्या दिवशी गेलं असतं, आणि खरं सांगायचं तर त्या फोटोचा मला राग आला तो ह्याच्यावरून. तुमच्याकडे नेणारे तरी आहेत. गेलं असेल एखादं रद्दीत, पण बाकीची कुणाच्या तरी उशाशी असतीलच ना? माझ्या पुस्तकाला इथे उघडून बघणारं कुणी नव्हतं. ड्रायर संपल्याचा आवाज झाला, टॉवेल काढले आणि त्यातच गुंडाळून ते व्हॅनमध्ये आणलं. बदल्यात काही ठेवलं नाही.

दादा, कपाट काढू नका. जानेवारीत येतेय, ते पुस्तक त्यात ठेवणार आहे, तिकिटासकट. मी निघायच्या आत गेलं पाहिजे.