88 टक्के चूक कामगाराची? मग ट्रेनिंग कमी कसं करता?

बेळगावात उद्यमबाग, मच्छे, होनगा इकडच्या कारखान्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 4 मार्चचा सुरक्षा दिन जवळ आला की एक मजकूर हमखास फिरतो. सार एवढंच: शंभरातले 88 अपघात कामगाराच्या बेफिकिरीनं होतात, जुना माणूस अनुभवातून शिकतो, हेल्मेट-गॉगल दिला की मालक मोकळा, आणि ट्रेनिंग-बिनिंग हे मोठ्या कंपन्यांचं फॅड. खाली अंगठे उठवणाऱ्यांत सुपरवायझरच जास्त, म्हणून उत्तर देतो.

आधी आकडा. तो हवेतला नाही. अमेरिकेत विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिक यांनी 1931 मध्ये तो मांडला: 88 टक्के असुरक्षित कृती, 10 टक्के असुरक्षित परिस्थिती, 2 टक्के टाळता न येणारे. आधार कशाचा, तर विम्याच्या दाव्यांचे कागद आणि कारखानदारांच्या नोंदी. अशा नोंदी कोण लिहितं हे फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओततात त्या कारखान्यात, काम केलेल्याला सांगायला नको. बोट गेलं की 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहून सुपरवायझर सही करतो आणि विषय मिटतो. मशीनवरचा संरक्षक गार्ड कुणी काढला, तो कोपऱ्यात का पडून होता, माल आजच पाठवायची घाई कुणाची होती, याला रकाना नसतो. हाइनरिक यांनीही प्रत्येक अपघात या तीनपैकी एकाच खान्यात टाकला होता. खरा अपघात असा एका कारणावर कधीच घडत नाही. आणि समजा आकडा खरा धरला, तर चुका करणाऱ्याला जास्त शिकवायला हवं की कमी?

आता अनुभव. बेळगावचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. जून-जुलैत स्क्रॅप उघड्यावर भिजतं. वरून सुकलेलं दिसतं, पण बंद तोंडाच्या पाइपात, जुन्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरमध्ये पाणी राहतं. तो तुकडा वितळलेल्या लोखंडात गेला की पाण्याची वाफ होते आणि ती जवळजवळ 1,700 पट जागा मागते. जागा नसते, म्हणून सोबत 1,400 अंशांचं लोखंड घेऊन वर उडते. वीस वर्षं फर्नेसवर असलेला माणूस यातून अनुभवानं काय शिकणार? तोवर काही झालं नाही म्हणून तो निर्धास्त असतो, आणि पहिलाच धडा शेवटचा ठरू शकतो. बंद तुकडा कापून घ्या, भिजलेला माल गरम करून वाळवा, ओल्या लोखंडी सळीनं वितळलेल्या लोखंडावरची मळी काढू नका, हे कुणीतरी आधी सांगावंच लागतं.

ग्राइंडरचंही तसंच. नवीन विट्रिफाइड (मातीसारखं भाजून कडक केलेलं) चाक लावण्यापूर्वी बोटावर किंवा दांड्यावर टांगून हत्याराच्या लाकडी मुठीनं हलकं ठोकायचं. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर चाकात तडा आहे. चाकावर छापलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नाही ना, हे बघायचं. लावल्यावर मिनिटभर मोकळं फिरवायचं आणि तेवढा वेळ समोर न थांबता बाजूला उभं राहायचं. पाच मिनिटांचं काम आहे. फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, कालच आलेल्या पोराला हे कोण सांगतं?

हेल्मेट-गॉगलबद्दल थोडक्यात. ते द्यायलाच हवेत, पण ते शेवटचा आडोसा आहेत. सिलिकाची धूळ तोंडाला रुमाल बांधून थांबत नाही आणि त्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार, सिलिकोसिस, बरा होत नाही. तिथं धूळ ओढणारी यंत्रणा लागते. नायलॉनचा शर्ट घालून लेडल (वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं) धरणाऱ्याला गॉगल दिला तरी शर्ट वितळून अंगाला चिकटायचा तो चिकटतोच. कपडा सुती हवा, हेसुद्धा शिकवण्यातच येतं.

कायद्यातही मालक मोकळा नाही. भोपाळनंतर, 1987 च्या दुरुस्तीनं 1948 च्या कारखाने कायद्यात कलम 7अ आलं: माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख ही भोगवटादाराची, म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याची, जबाबदारी. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. कारखाने कायद्याचं कलम 108 तर सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत लावा म्हणत होतं. आपल्याकडं एकाच पाळीत मराठी, कन्नड आणि बिहार-ओडिशाकडून आलेल्यांची हिंदी चालते. भिंतीवरची कन्नड-इंग्रजी पाटी मोल्डिंगवरच्या (साचे करणाऱ्या) ओडिया पोराला किती कळते, हे त्यालाच विचारून बघा.

राहिला सुपरवायझर, आणि माझं मुख्य म्हणणं इथंच आहे. कामगार ट्रेनिंगमध्ये काय ऐकतो यापेक्षा दुपारी सुपरवायझर काय म्हणतो ते महत्त्वाचं. सकाळी 'मशीन बंद केल्याशिवाय हात घालू नका' आणि चार वाजता 'अरे बंद कशाला करतोस, तसंच काढ की' असं झालं, तर पोरगा चार वाजताचंच लक्षात ठेवतो. म्हणून आधी सुपरवायझरला शिकवा आणि काम थांबवायचा अधिकार त्याला लेखी द्या. तो वापरल्यावर त्या पाळीचं उत्पादन कमी पडलं, तर त्याची झाडाझडती घेणार नाही, हेही त्याच कागदावर लिहा.